जफरनामा म्हणजे एकच बैत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील ‘जफरनाम्या’वरचा लेख वाचला. गुरू गोविंदसिंगांनी हे पत्र नांदेडहून औरंगजेबाला धाडले, असे लेखकमहाशयांनी ठोकून दिले आहे आणि आपल्या संपादन विभागात ते कोणालाही खटकलेले नाही. गुरुजी नांदेडला आले १७०८ मध्ये; औरंगजेब त्याआधीच, मार्च १७०७ मध्ये, अहमदनगरला निवर्तला होता. तेव्हा आपल्या लेखाप्रमाणे हे पत्र थेट खुलताबादच्या कबरीवर पोहोचले असावे. प्रत्यक्षात ते १७०५ मध्ये पंजाबच्या माळवा भागातील दीना-कांगड परिसरातून निघाले आणि पंचप्याऱ्यांपैकी (खालसा पंथाच्या पहिल्या पाच दीक्षितांपैकी) भाई दयासिंग व भाई धरमसिंग यांनी ते दख्खनकडे आणले.

स्थळकाळाचा हा गोंधळ एक वेळ पोटात घालता येईल. परंतु सगळे उपाय थकल्यावर तलवार हाती घेणे न्याय्य ठरते, या अर्थाचा २२वा बैत (फारसी द्विपदी) लेखात पुन्हा पुन्हा आला आहे, एकदा तर ठळक चौकटीत. उरलेल्या ११० बैतांची मात्र लेखकास गरजच भासलेली नाही. अशाने वाचकाचा समज होतो की जफरनामा ही निव्वळ रणगर्जना आहे. वास्तविक ते मोडलेल्या शपथेबद्दलचे आरोपपत्र आहे, तेही आरंभीचे बारा बैत ईश्वरस्तुतीला देऊन, फारसी पत्रलेखनाचा रिवाज सांभाळून लिहिलेले. बादशहाच्या माणसांनी कुराणाची शपथ घेऊन गुरुजींना आनंदपूर सोडायला लावले, सोडताच पाठलाग केला. चमकौरच्या लढाईत चाळीस उपाशी माणसांवर दहा लाखांची फौज तुटून पडली तर त्यांनी करावे तरी काय, असा रोकडा सवाल गुरुजी बादशहाला करतात. माझे चारही पुत्र मारलेस तरी वेटोळे घातलेला नाग अजून शिल्लक आहे, असे सुनावणारे पत्र हेच. बादशहाच्या रूपाची, बुद्धीची, घोडेस्वारीची तारीफ करून, धर्म मात्र तुझ्यापासून दूर आहे, असे बजावणारेही हेच. शिवाय त्यात कांगडला भेटीस येण्याचे निमंत्रण आहे आणि तिथली बराड जमात माझ्या शब्दाबाहेर नसल्याने वाटेत धोका नाही, अशी हमीही आहे. शपथ मोडणाऱ्याला स्वतः अशी हमी देणाऱ्या माणसाचे पत्र आपण एका घोषणेवर आणून ठेवलेत!

अर्थात, मजकूर कापण्यातले आपले कसब मला नवे नाही. ‘गुरू ग्रंथसाहिबा’त केवळ शीख गुरूंच्याच रचना आहेत, असे विधान मागे आपल्या अंकात आले, तेव्हा मी पत्र पाठवले होते. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथातच कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी आहे आणि आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, असे त्यात सविस्तर लिहिले होते. आपण छापले ते एवढेच: ‘ग्रंथसाहिबात केवळ गुरूंच्याच रचना आहेत.’ ‘हे म्हणणे अज्ञानाचे आहे’ हा वाक्याचा उत्तरार्ध बहुधा जागेअभावी गळाला. खाली नाव माझे. त्याच आठवड्यात गुरुद्वाऱ्यातील एका परिचित ज्ञानीजींनी (ग्रंथाच्या जाणकारांनी) कात्रण पुढे करून विचारले, “सर, नामदेवजींना कधी काढलंत?” मी खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. त्या जागी बंगल्यांच्या प्लॉटची जाहिरात होती आणि तीत मात्र एक अक्षरही कापलेले दिसले नाही. वाचकांच्या पत्रांचे सदर हल्ली दर महिन्याला आकसत चालले आहे, हेही जाता जाता नमूद करतो.

नांदेडबाबतची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात द्यावी, ही विनंती. माझ्या या पत्रास पूर्ण जागा नसेल तर ते खुशाल बाजूला ठेवावे. त्यातले अर्धे वाक्य मात्र छापू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नांदेड