पद्मिनीला रंग नंतर द्या, आधी पुढचं सस्पेन्शन उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या नव्यानं उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींवर पान आलं होतं. फोटो झकास, प्रीमियर पद्मिनीचा तो क्रीम कलर आणि चकचकीत ग्रिल बघून खूप बरं वाटलं. पण अख्ख्या पानात रंग, क्रोम, सीटकव्हर, हॉर्न एवढंच, आणि गाडी ज्याच्यावर वळते, ब्रेक मारल्यावर जे सगळा भार घेतं त्या पुढच्या सस्पेन्शनबद्दल एक ओळही नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा मोठं झालंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

हे आत्ताच का लिहायचं तर केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यात पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी, इंजिनात बदल केलेला नसेल तर तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ मध्ये, म्हणजे पहिल्या पद्मिनींची पन्नाशी आत्ता कुठे भरतेय आणि त्याआधीच्या ११०० डिलाइट आणि प्रेसिडेंट तर कधीच पात्र झाल्यात. त्यामुळे गावाकडच्या गोठ्यातून, सोसायटीच्या कोपऱ्यातून, आजोबांच्या नावावरच्या गाड्या बाहेर निघतायत आणि हे फार चांगलं आहे. फक्त बहुतेक जण गाडी टो करून थेट पेंटरकडे नेतात आणि सगळं बजेट तिथंच संपवतात, मग खाली पन्नास वर्षांची झीज तशीच राहते आणि वर नवा रंग.

पद्मिनीचं पुढचं काम दिसायला साधं आहे. दोन्ही बाजूला वरचा आर्म आणि खालचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे), मध्ये कॉईल स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉकअप, एक अँटीरोल बार (वळणावर गाडी फार कलू नये म्हणून), आणि चाक वळतं ते किंगपिनवर, म्हणजे एका उभ्या जाड पिनेवर. आजच्या गाड्यांसारखा बॉल जॉइंट नाही. मागे साधे पाटे (लीफ स्प्रिंग). गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे, म्हणून पुढचा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं तो आडवा भाग) जिथं बसतो ती जागा गंजली असेल तर वर कितीही नवे पार्ट लावा उपयोग नाही, आधी पत्र्याचं काम. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांत तर हे हमखास बघावं, स्प्रिंगच्या वाटीत वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो, तो खरवडून काढल्याशिवाय खाली काय उरलंय ते कळतच नाही.

झीज ओळखायला मशीन लागत नाही. पुढचं चाक उचला, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा (नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही गाडीखाली हात घालू नये, हे कळकळीनं सांगतो), मग चाक वर आणि खाली धरून हलवून बघा. खडखड प्ले (ढिलेपणा) लागला की आत कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, आणि तरीही राहिला तर किंगपिनचा नाहीतर आर्मच्या बुशचा (बुश म्हणजे सांध्यात बसणारी नळी). चाक डावीउजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा टोकाचा सांधा) बघा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात पण गाडी विकत घेताना कुणी करत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक वर्षानुवर्षं ब्रेक लायनिंग बदलत बसतात आणि दोष असतो किंगपिनमध्ये.

आता किंगपिनबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गोम इथंच आहे. नवा किंगपिन किट आणला, जुनी पिन ठोकून काढली, नवे बुश प्रेस केले, पिन घातली, झालं असं अनेक गॅरेजमध्ये समजतात. तसं होत नाही. बुश प्रेस केल्यावर ते आतून किंचित आवळतात, म्हणून मापाला रीम करावे, म्हणजे आतून बारीक कापून घ्यावे लागतात, आणि वरचा बुश आणि खालचा बुश एकाच रेषेत रीम व्हायला पाहिजेत. त्यासाठी लांब रीमर लागतो, ज्याचा पुढचा भाग एका बुशमध्ये गाईड होतो आणि धार दुसरा बुश कापते. हा रीमर नसला की कारागीर वरून एक आणि खालून एक असं वेगवेगळं रीम करतो, रेष चुकते, पिन अडकते, मग ती आत जावी म्हणून पॉलिश पेपर मारून पिनच बारीक करतात! स्टेअरिंग जड होतं, वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ येत नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगतात की नवीन काम आहे, रुळेल हळूहळू. रुळत नाही, झिजतं. नीट बसलेली पिन तेलाचा हात लावून अंगठ्यानं ढकलली की सरळ आत गेली पाहिजे आणि हलवली तर अजिबात डुगडुगता कामा नये, इतका बारीक फरक आहे आणि तो हाताला कळावा लागतो.

दुसरी बाब ग्रीसच्या भोकाची. बुशला भोक असतं ते निपलच्या (ग्रीसगन जिथं लावतात त्या तोंडाच्या) भोकासमोर यायलाच हवं. बुश जरा फिरून बसला की ग्रीसगन कितीही दाबा, ग्रीस आत जाणार नाही, बाहेरूनच पिचकारेल, आणि नवा किट काही महिन्यांत गेला. बसवण्याआधीच गन लावून भोकातून ग्रीस येतं का ते बघायचं, एवढी साधी गोष्ट. गाडीचा भार ज्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो ते नवं घाला आणि उभा प्ले शिम (पातळ चकत्या) घालून काढा, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून, अंदाजानं नाही. नंतर दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ग्रीस मारताना चाक उचलून मारा, चाक जमिनीवर असताना भाराच्या बाजूला ग्रीस शिरत नाही. हे जुन्या टॅक्सीवाल्यांना पाठ होतं.

स्प्रिंग काढताना मात्र घाई नको. दाबलेल्या कॉईल स्प्रिंगमध्ये माणूस मारायची ताकद असते. खालच्या आर्मखाली जॅक घेऊन सावकाश सोडायची, आणि सुटली तरी उडू नये म्हणून स्प्रिंगमधून साखळी घालून बॉडीला बांधायची. बाहेर आल्यावर दोन्ही स्प्रिंगची मोकळी उंची मोजा, फरक असेल तर जोडीनंच बदला. गाडी खाली बसलेली "स्टायलिश" दिसावी म्हणून हल्ली काही पोरं स्प्रिंगचे वेढे कापतात, कृपया असं करू नका, स्प्रिंग कडक होते, आर्मचे कोन बदलतात आणि खड्ड्यात आर्म सरळ जाऊन आदळतो. आपले रस्ते कसे आहेत ते काय सांगायला पाहिजे.

रबरी बुशची एक चूक तर इतकी सर्रास होते की ती ठळक अक्षरात छापावी असं वाटतं. बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर, चाकं लटकत असताना फुल टाइट करायचे नाहीत. हातानं घट्ट करून ठेवायचे, मग गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची, आणि त्या उंचीवर बोल्ट टाइट करायचे. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं, गाडी खाली आली की कायम ताणात राहतं आणि लवकर फाटतं, मग लोक म्हणतात डुप्लिकेट माल होता. डुप्लिकेट माल असतोच, ते खरंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत फिरलं की अजून पार्ट सापडतात, पण रबर नखानं दाबून बघा, प्लास्टिकसारखं लागलं तर परत द्या. जुन्या कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून घालतात त्या) सरळ करून परत वापरायच्या नाहीत, चार रुपयांच्या वस्तूवर चाक अडकलेलं असतं.

सगळं झालं की अलाइनमेंट, आणि त्यात टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) सगळ्यात शेवटी, कारण कॅस्टर-कॅम्बर (किंगपिनचा आणि चाकाचा कल) हलला की टो बदलतो. बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरमध्ये पद्मिनीचा डेटा नसतो, मग ते भलत्याच गाडीचे आकडे टाकून मोकळे होतात. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातले आकडे कागदावर लिहून न्या, आणि समोर उभं राहून करून घ्या.

अजून एक प्रकार वाढलाय तो म्हणजे कन्व्हर्जन. पार्ट मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच गाडीचं पुढचं सस्पेन्शन कापून पद्मिनीला वेल्डिंग करायचं. गाडी हलकी चालते म्हणतात, चालत असेल, पण ज्या बॉडीत चासीच नाही तिथं कापाकापी करून कुणाच्या तरी अंदाजावर सस्पेन्शनचे पॉइंट ठरवायचे हे मला अजिबात पटत नाही. शिवाय बॉडीत बदल केला म्हणजे व्हिंटेज नोंदणीवर पाणी सोडलं. मूळ डिझाइन वाईट नाहीये हो! ह्याच किंगपिनवर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी पिढ्यानपिढ्या पॅसेंजर, सामान, पावसाळा आणि खड्डे सगळं घेऊन पळाल्या, त्यांना फक्त वेळेवर ग्रीस आणि जाणता हात मिळत होता.

तो जाणता हातच आता जातोय, आणि मला खरी काळजी त्याची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, हळहळले. पण टॅक्सींबरोबर त्यांचे मिस्त्रीही बेकार झाले ह्याच्यावर कुणी लिहिलं नाही. सायन-कुर्ला पट्ट्यातली फूटपाथवरची ती माणसं, ज्यांच्या पेटीत तो लांब रीमर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा, त्यातली काही गावी गेली, काही वय झाल्यानं थांबली, पोरं दुसऱ्या धंद्यात. रीमर भंगारात किलोवर जातोय. तो परत बनवता येईल, पण बुशमध्ये फिरवताना किती दाब द्यायचा आणि कुठं थांबायचं ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या राज्यातल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहेच, तिथं ह्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवा, किंगपिन बसवणं आणि रीमिंग ह्याचा छोटा कोर्स ठेवा. पन्नास वर्षांच्या गाड्यांना सरकार नोंदणी देतंय तर त्या सुरक्षित ठेवणारे हात तयार करणं हेही त्याच कामात धरा. आणि आपल्या पेपरनं पुढच्या वेळी जुन्या गाड्यांवर पान केलं तर एखाद्या मिस्त्रीचा फोटो टाका, नावासकट. व्हिंटेज रॅलीत जे परीक्षक गाड्यांना मार्क देतात त्यांनाही सांगावंसं वाटतं, बॉनेटवर हात फिरवून झाला की टॉर्च घेऊन एकदा खाली वाका, निपलवर ताजं ग्रीस आहे का, बुश फाटलेत का, कॉटर पिना जागेवर आहेत का ते बघा, आणि त्याला रंगाएवढेच मार्क ठेवा.

आपला,
एक जुना वाचक आणि फियाटवाला,
डोंबिवली