पैसे संशोधनालाच का दिले

नाशिक,
फेब्रुवारीचा पहिला रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढी तंगडतोड करून पैसे जमवलेस, ते एखाद्या गरजू पेशंटच्या हातात का नाही दिलेस? कॅन्सरच्या संशोधनाला कशाला?" तेव्हा घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

परळहून कोलकात्यापर्यंत वाटेत जागोजागी कुणी ना कुणी हेच विचारत होतं. देश आडवा सायकलवर ओलांडायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं 2015 साली. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आरपार करणारी 'रॅम' शर्यत पूर्ण केली ना, तेव्हा. पण कशासाठी जायचं हे आई गेल्यावर ठरलं. म्हणून निघालो तोही टाटा हॉस्पिटलच्या दारातून. पंचवटीने दादरला उतरून आईला घेऊन त्याच दारात जायचो, तुला आठवत असेल.

कसारा घाटाने पहिल्याच टप्प्यात जीव काढला. मागे दोन पिशव्या लादलेल्या, गिअर सगळ्यात हलका, तरी मांड्या भरून आल्या. शेजारून एक ट्रक माझ्याच चालीने चढत होता. त्याचा क्लीनर खिडकीतून विचारतोय, "काका, कुठवर?" मी म्हटलं कोलकाता. त्याने ड्रायव्हरला सांगितलं, आणि ड्रायव्हरने माझ्यासाठी हॉर्न वाजवला! नाशकात आपली मंडळी पाथर्डी फाट्यापासून सोबत आली. पुढे धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर अशी ओळखीची वाट.

साकोलीजवळ पंक्चर झालं. दुकानदाराने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा दिसला तिथे बोटाने दाबून धरली, पुसली, घासली, सोल्युशन लावून फुंकर मारत बसला. सायकलवरची पाटी वाचून त्यानेही तोच प्रश्न विचारला. त्याला जे सांगितलं तेच तुला सांगतो.

टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली स्तनाच्या कॅन्सरवर एक मोठी चाचणी झाली. देशातली 11 हॉस्पिटलं, 1,600 बायका. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत देतात ती साधी भूल, अगदी स्वस्त. 2023 साली निष्कर्ष छापून आले: इंजेक्शन दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात 90 जणी हयात, न दिलेल्यांपैकी 86. शंभरात चार आया, सुध्या. आता सांग, इतक्या जुन्या आणि स्वस्त औषधाची एवढी मोठी चाचणी कुठली कंपनी कशाला करेल? तिला त्यातून काय मिळणार? असल्या कामाला सरकारचा आणि तुमच्या-आमच्यासारख्यांचाच पैसा लागतो.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण शंभरात चार हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणखी एक. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या सव्वा लाखावर बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची, तपासणी फक्त एकदा केली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली ते जगभर वाचलं गेलं. आपल्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी जगाला शिकवलं हे! एका पेशंटला दिलेला पैसा त्या पेशंटला उपयोगी पडतो, आणि तोही द्यायलाच हवा, मी देतोही. पण हे दुसरं काम कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी हात पुढे करत नाही. ते करायला मी सायकल काढली.

दुकानदार ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग हे पुढच्यायसाठी हाय म्हना." पंक्चरचे पैसे घेतले नाहीत, वर पन्नासची नोट दिली.

पुढे छत्तीसगड, ओडिशात भाषेची अडचण आली, पण पाटीवरचा 'कैंसर' हा शब्द सगळ्यांना कळत होता. जेवण, मुक्काम, ट्यूब, टायर सगळा खर्च माझ्या खिशातून. लोकांनी दिलेल्या पैशातला एक रुपयाही चहाला वापरणार नाही, हे मी निघायच्या आधीच घरी सांगून ठेवलं होतं.

तुझा चेक टेबलावर आहे. सोबत तू लिहिलंयस, "तुला योग्य वाटेल तिथे दे." मी संशोधन निधीत भरतोय. तुझी अजून हरकत असेल तर या आठवड्यात कळव, मी थांबतो. नसेल तर पॅन नंबर पाठव, आणि देणगी काकांच्या स्मरणार्थ लिहायची का, तेही सांग.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अन्या