रोडटचचे वीस गुंठे राहू द्या

ति. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

काल फोनवर धड बोललेच नाही मी. बाबा, तुम्ही "रोडटचचे वीस गुंठे काढू पण पोरीला पिलानीलाच पाठवू" म्हणालात आणि मला एकदम भरून आलं, म्हणून फोन ह्यांच्याकडे दिला. आता लिहूनच काढते, आई वाचून दाखवेल, तिचा चष्मा सापडला असेल तर.

पहिलं म्हणजे जमीन विकायची नाही. आत्ता बाग छाटणीला येईल, उगाच दलालाला बांधावर फिरवू नका.

चिऊचा दोन्हीकडे नंबर लागलाय. बिट्स पिलानीला, म्हणजे राजस्थानातल्या त्या खासगी कॉलेजला, सिव्हिल इंजिनिअरिंग, आणि कॅप राऊंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पुण्याच्या सीओईपी ह्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला, तेही सिव्हिलच. पिलानीची नुसती ट्यूशन फी वर्षाला 5 लाखांच्या वर, होस्टेल-मेस धरून चार वर्षांचे 25 लाख सहज पार. परवा रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला, 25 लाखांचं लोन 10 टक्क्यांनी 10 वर्षांत फेडायचं तर महिन्याला 33 हजार हप्ता. चिऊ तशीच हात वाळवत बसलेली, मध्येच म्हणते, मम्मी, शिकत असताना चढणारं व्याज धरलंच नाहीस. कार्टी!

पुण्याचं तसं नाही. आपण ओबीसीत, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, त्यामुळे 2024 च्या जीआरप्रमाणे कॅपमधून अॅडमिशन घेतलेल्या मुलीची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, आपल्याकडे राहतो होस्टेल-मेसचा खर्च. फक्त दाखले वेळेत लागतात, त्यासाठी माझ्या तीन चकरा झाल्या ते जाऊ दे.

आणि बाबा, "सरकारी ते सरकारीच" असं म्हणू नका हो. 1854 पासूनचं कॉलेज आहे ते, धरणं बांधणारे विश्वेश्वरय्या तिथलेच. हिला धरणांचंच वेड, दिंडोरी रोडने जाताना मेरीचं, त्या धरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं, गेट आलं की अजून मान वळते तिची.

पिलानीचं नाव मोठंच आहे, खोटं कशाला बोलू. तिथे हजेरीची सक्ती नसते म्हणे, त्याचंच तिला जास्त अप्रूप होतं. एक दिवस रडलीसुद्धा, जेवली नाही.

पण मला आठवलं ते वेगळंच. 1998 ला माझा पुण्याला नंबर लागला होता आणि तुम्ही "एवढ्या लांब कशाला" एवढंच बोललात, मी नाशिकलाच केटीएचएम कॉलेजला बीएस्सी केलं, आणि दोन वर्षं तुमच्याशी तुटक वागले. त्या साली बाग गारपिटीत गेली होती आणि सोसायटीचं कर्ज थकलं होतं हे मला कुणी सांगितलंच नाही, लग्नानंतर आई एकदा भांडी घासता घासता बोलून गेली. म्हणून ह्या वेळी सगळे आकडे चिऊसमोर ठेवले, कॅलेंडर तिच्या हातात दिलं आणि आम्ही दोघं झोपायला गेलो. सकाळी उठून तिनेच पुण्याची सीट फ्रीझ केली, म्हणजे पक्की केली.

तुम्ही वीस गुंठे चिऊसाठी काढत नव्हता बाबा, मला कळतंय. माझ्या मनात आता काही नाही, खरंच.

सोमवारी अॅडमिशनला जायचंय. तुम्ही दोघं रविवारीच मुक्कामाला या, सकाळी ठक्कर बाजारातून निघू. बाबा, तुम्हाला पंचाहत्तरीमुळे एसटी फुकट आणि आम्हा तिघींना अर्धं तिकीट, पूर्ण पैसे फक्त ह्यांचे! आई, होस्टेलवर द्यायला घरचा बेदाणा आण, बिया नसलेला.

तुमची,
ताई