सूर्यमालेसाठी साडेचारशे मीटर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की जिल्हा पानावर सूर्यमालेच्या प्रतिकृतीचा एखादा तरी फोटो छापून येतोच. निळ्या रंगवलेल्या थर्माकोलवर मधोमध पिवळा सूर्य, भोवती तारेची कडी, त्यांवर आठ (काही ठिकाणी अजूनही नऊ) रंगीत चेंडू आणि खाली बॅटरीवर फिरणारी मोटर. मुलांची मेहनत दिसते, बक्षीसही मिळते. पण ग्रहांचा क्रम सोडला तर त्या मांडणीत बरोबर असे फारसे काही नसते. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तरी तो प्रदर्शनात कुठून येतो हा प्रश्न वेगळाच.

मूळ घोटाळा असा की चेंडूंना एक प्रमाण लावलेले असते आणि अंतरांना दुसरे. बहुतेक वेळा दोन्हींना कुठलेच नसते. पृथ्वीचा चेंडू ५ सेमीचा केला, तर सूर्य साडेपाच मीटर व्यासाचा हवा आणि तोही जवळजवळ ५९० मीटर लांब. उलट चार फुटी फळीवर नेपच्यूनपर्यंतची अंतरे बसवायची म्हटली, तर सूर्य अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतो आणि गुरू डोळ्यांना दिसतच नाही. टेबलावर दोन्ही गोष्टी एकदम मावत नाहीत. मैदानावर मात्र मावतात, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत.

प्रमाण घ्यावे १ सेमीला १ लाख किमी. म्हणजे १ मीटरला १ कोटी किमी. लाख-कोटीत मोजणाऱ्या आपल्या मुलांना आकडेमोड जवळपास करावीच लागत नाही. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किमी, म्हणून सूर्य १४ सेमीचा. त्यासाठी चेंडू शोधत बसू नये. कंपासमध्ये ७ सेमी अंतर घेऊन पुठ्ठ्यावर वर्तुळ काढावे, पिवळे रंगवून काठीला लावावे. तिथून बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८, गुरू ७७.८, शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटरवर. ही सरासरी अंतरे आहेत. बुधाची कक्षा बरीच लंबगोल असल्याने तो ४.६ पासून ७ मीटरपर्यंत मागेपुढे होतो. पृथ्वी १४.७ ते १५.२ मीटरच्या दरम्यान राहते, आणि सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. उन्हाळा सूर्य जवळ आल्यामुळे येतो असे सांगणाऱ्या मोठ्या माणसांनाही हा अर्धा मीटर दाखवावा.

ग्रह कशाचे करायचे, इथे बहुतेकांची गाडी अडते. पृथ्वी १.२७ मिमी आणि शुक्र १.२१ मिमी, म्हणून दोन्हींना राजगिऱ्याचा दाणा चालतो (कच्चा, लाही नव्हे). दाणे फूटपट्टीला लावून दहाची रांग करावी. ती १२-१३ मिमी भरली की दाणा योग्य. मोहरी घ्यायची तर बारीकच, कारण मोठ्या मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरच्या आसपास जातो आणि पृथ्वी गुरूच्या मानाने फुगते. मंगळ ०.६८ मिमी आणि बुध ०.४९ मिमी. यासाठी धान्य चाळत बसण्यापेक्षा संपलेल्या रिफिली घ्याव्यात. ०.७ च्या पेनाच्या टोकातली गोळी ०.७ मिमीची असते, ०.५ च्या पेनाची ०.५ ची. गुरूसाठी १४ मिमीची लहान गोटी लागते. नेहमीची खेळायची गोटी १६ मिमीच्या आसपास असते, म्हणून दोन पुस्तकांच्या बेचक्यात धरून मोजून घ्यावी. युरेनस आणि नेपच्यून प्रत्येकी ५ मिमी, म्हणजे काळी मिरी. शनी शाडूचा वळावा, १२ मिमीचा, आणि भोवती कागदाचे कडे बसवावे: बाहेरचा व्यास २७ मिमी, आतले भोक १८ मिमी. कड्याला पुठ्ठा नको, पातळात पातळ कागद घ्यावा. तोही जाडच पडतो, कारण कागदाचा दशांश मिलिमीटर म्हणजे इथे हजार किलोमीटर, आणि खरी कडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर जाडीची आहेत.

दाणे सुटे ठेवले की पहिल्याच वाऱ्याला उडतात. काळ्या कागदावर सेलोटेपने चिकटवावेत. राजगिरा पांढऱ्यावर दिसत नाही. कागद काठीवर डोळ्यांच्या उंचीला लावावा, नाहीतर बघणारे खाली वाकतात आणि पुढची काठी कुणी पाहत नाही.

मोजायला लांब उडीचा ३० मीटरचा टेप पुरतो. नेपच्यूनपर्यंत तो पंधरा वेळा टाकावा लागतो. दर खेपेला पाच-सात सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. बिघडते ते मोजताना एक आख्खा टेप विसरल्याने, आणि हे हमखास युरेनसच्या पुढे होते. म्हणून दर टेपला फक्कीची रेघ मारून आकडा लिहावा. पावलांनी मोजायचे असेल तर ३० मीटरला किती पावले पडतात ते आधी त्याच मुलाकडून मोजून घ्यावे. चारशे मीटरच्या धावपट्टीचा सरळ भाग सुमारे ८४ मीटर असतो; तिथे गुरूपर्यंत मांडणी बसते. पुढच्यासाठी गावाबाहेरचा सरळ रस्ता किंवा कालव्याची वाट हवी. पावसाळ्यात वर्गात करायचे असेल तर रिबिनीवर १ सेमीला १ कोटी किमी घ्यावे. आकडे तेच, फक्त मीटरच्या जागी सेंटीमीटर. नेपच्यून साडेचार मीटरवर येतो, मात्र ग्रहांचे आकार विसरावे लागतात.

मांडणी बरोबर जमली की नाही याची एक पडताळणी आहे. पृथ्वीच्या काठीजवळ उभे राहून १४ सेमीच्या सूर्याकडे पाहिले की तो आकाशातल्या सूर्याएवढाच, साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. खऱ्या सूर्याकडे मात्र बघायचे नाही. पूर्ण चंद्रही तेवढाच दिसतो, तुलना त्याच्याशी करावी. गुरूपाशी हाच सूर्य पाचपट लहान होतो आणि नेपच्यूनपाशी ठिपका उरतो.

मुलांना सर्वांत जास्त गंमत वाटते ती सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाची. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोहोचलेले हे यान ‘सूर्यावर गेले’ असे घरोघरी बोलले गेले. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेली अतिनील दुर्बीण त्यावर आहे. यान आहे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. राजगिऱ्याच्या दाण्यापासून सूर्याच्या दिशेला १५ सेमीवर टाचणी टोचावी, सूर्य अजून पावणेपंधरा मीटर पुढे आहे. चंद्र दाण्यापासून ३.८ सेमीवर, तळहाताच्या आत. आणि १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान आता या प्रमाणात सुमारे अडीच किलोमीटरवर पोहोचले आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा दाखवायचा तर मुंबईहून जवळजवळ सिंगापूरला जावे लागेल.

प्रकाश इथे सेकंदाला ३ सेमी जातो. एखाद्या मुलाला मिनिटाला १.८ मीटर या गतीने सरकायला सांगावे. पृथ्वीपर्यंत ८ मिनिटे २० सेकंद लागतात आणि मूल कंटाळते. नेपच्यूनला चार तास दहा मिनिटे लागली असती. ग्रहांची चाल याहून संथ: पृथ्वी दिवसाला २६ सेमी, गुरू ११ सेमी, नेपच्यून पाच सेंटीमीटरही नाही. सगळे ग्रह एकाच वेगाने फिरवणारी मोटर म्हणूनच काढून टाकावी. ठेवायचीच असेल तर निदान उत्तर बाजूने पाहताना ग्रह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतील एवढे बघावे.

मंगळ आणि गुरूमध्ये वाळू पसरून लघुग्रहांचा पट्टा करतात, तोही टाळावा. ३१ ते ४९ मीटरच्या त्या पट्ट्यातला सर्वांत मोठा सेरेस इथे दशांश मिलिमीटरही भरत नाही, आणि सगळे लघुग्रह एकत्र केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्केच होतात. तिथे रिकामी जमीन सोडणे हेच बरोबर. काठ्या एका रेषेत लावतो ती अंतरे मोजण्याच्या सोयीसाठी, हेही मुलांना सांगावे. ग्रह तसे रांगेत उभे राहत नाहीत.

आयोजकांना विनंती आहे की प्रदर्शनात टेबलाबरोबर मैदानाची एक कडाही मांडणीसाठी द्यावी. परीक्षकांनी ‘प्रमाण काय घेतले?’ हा प्रश्न पहिला विचारावा. आणि आपणही सूर्यमालेचे चित्र छापताना खाली ‘आकार व अंतरे प्रमाणात नाहीत’ एवढी ओळ टाकावी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आठवडाभर आधी वरची आठ अंतरे चौकटीत छापलीत, तर शाळांना टेप, फक्की आणि मूठभर राजगिरा एवढेच जमवावे लागेल.

आपला,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षक, सातारा