तेलोक आयरचे देऊळ घाईत पाहू नका

महोदय,

सिंगापूर सहलीवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात थियान हॉक केंग मंदिराची बोळवण एका ओळीत झाली, याचे वाईट वाटले. मी रत्नागिरीचा. उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. सिंगापूरला जहाज लागले आणि रजा मिळाली की मी या देवळात जायचोच, कारण ते दर्यावर्दी माणसांनी उभे केलेले आहे.

देऊळ ज्यावर आहे तो तेलोक आयर रस्ता आज उंच इमारतींत हरवला आहे, पण समुद्रात भर पडण्याआधी किनारा तिथेच होता. चीनच्या फुकियन प्रांतातून शिडाच्या जहाजांनी आलेले होक्कियन लोक उतरल्या उतरल्या तिथल्या लहानशा देवळीत मात्सूला, म्हणजे समुद्रदेवीला, उदबत्ती लावत. जिवंत पोहोचलो याचे ते आभार. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडताना कोळणी ज्या भावाने गाऱ्हाणे घालतात, तोच हा भाव.

पुढे १८३९ ते १८४२ या काळात आजचे देऊळ झाले. देवीची मूर्ती १८४० मध्ये चीनहून आली. खर्च सुमारे तीस हजार स्पॅनिश डॉलर, सगळा वर्गणीतून. भाजी विकून धंद्याला सुरुवात केलेल्या तान तोक सेंग यांनी एकट्याने तीन हजारांवर दिले. १८५० चा शिलालेख ही हकिकत सांगतो. गाभाऱ्यात देवीच्या दोन्ही बाजूंना तिचे रक्षक आहेत: एकाला हजार मैलांवरचे दिसते, दुसऱ्याला वाऱ्यावरचे ऐकू येते. रात्रपाळीत रडारसमोर बसलेल्या माणसाला यांची महती वेगळी सांगावी लागत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. देवळाच्या आवारातूनच होक्कियन समाजाची संस्था चालत असे. या संस्थेने १९०६ मध्ये ताओ नान शाळा काढली, १९१५ मध्ये देवळालगत मुलींची शाळा सुरू केली आणि १९५३ मध्ये नानयांग विद्यापीठासाठी ५२३ एकर जमीन दिली. देवस्थानाच्या भोवती जमलेल्या माणसांनी पैसा शिक्षणात घातला, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचायलाच हवे होते.

सहल कंपन्यांना एकच विनंती: इथे निदान अर्धा तास द्या. चार पावलांवर दक्षिण भारतीय मुसलमानांनी बांधलेला नागोर दर्गाही आहे, तोही त्यात पाहून होईल.

– एक निवृत्त जहाज अभियंता, रत्नागिरी