ट्रिगर कुणाच्या हाती द्यायचा

भोसरी, पुणे
१२ जुलै

प्रिय दिगंबर,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सानिकाचं नेमबाजीचं एअर पिस्तूल कधी बोट लागताच सुटतं, कधी दाबत राहिलं तरी सुटत नाही, आणि तुमच्याकडचा एकजण ‘एका दिवसात लोण्यासारखा ट्रिगर करून देतो’ म्हणतोय, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. त्याला पिस्तूल देऊ नकोस. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण ज्याने ट्रिगरला वजन लावून पाहिलं नाही, पोरगी कुठल्या प्रकारात खेळते तेही विचारलं नाही, त्याने एका दिवसाचा वायदा करावा हेच मला पटत नाही.

मुळात लोण्यासारखा ट्रिगर हवाय कुणाला? दहा मीटर एअर पिस्तूलला नियमाने ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढं वजन पेलेपर्यंत तो सुटता कामा नये. उद्या ती २५ मीटरला गेली तर १००० ग्रॅम. तपासणी तू पाहिली आहेस: नळी उभी धरायची, वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवायचं आणि अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, पिस्तूल सुटता कामा नये. मॅच संपल्यावरही अचानक कुणालाही तपासणीला बोलावतात, आणि तिथे वजन पेललं नाही तर खेळाडू बाद. सगळी मेहनत एका स्क्रूपायी पाण्यात. आपल्याला हलकेपणा नकोच आहे, सारखेपणा हवाय. साठ शॉट असतील तर साठही वेळा त्याच जागी, त्याच वजनाला सुटलं पाहिजे. दहाचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं. ट्रिगरने एकदा दगा दिला की पुढच्या शॉटला बोट आधीच बिचकतं, आणि मग चूक पिस्तुलाची की पोरीची हे कुणालाच कळेनासं होतं.

आतला सगळा खेळ सीअर नावाच्या एका छोट्या भागाचा. ताणलेला हॅमर त्याच्या कडेवर अडकून बसलेला असतो. आपण ट्रिगर ओढतो तशी ती कड सरकत जाते आणि शेवटी हॅमरला मोकळं करते. ही पकड किंचित कमी केली की ट्रिगर गोड लागतो. त्याहून कमी केली की हात वर नेतानाच पिस्तूल सुटायची भीती. मी टूलरूममध्ये नोकरी केली, त्यामुळे यातली मेख मला चटकन दिसते. अशा भागांना पाणी दिलेलं, म्हणजे तापवून कडक केलेलं असतं, आणि पुष्कळदा कडकपणा वरच्या थरापुरताच असतो. ऑइलस्टोनवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, हाताने घासलं की तो थर जातो आणि कड गोल होते. सुरुवातीला ट्रिगर सुरेख वाटतो. पुढे आतली मऊ कड झिजत जाते आणि ट्रिगर रोज वेगळा लागतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे एक काका आहेत, सैन्याच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे होते, आता निवृत्त. नाव फोनवर सांगतो, त्यांना गाजावाजा आवडत नाही. आमच्या क्लबमधल्या एका मुलाचं पिस्तूल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते आधी दुसऱ्या एका कारागिराच्या हातून जाऊन आलेलं. काकांनी पेचकस हातात घेतलाच नाही. टेबलावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरलं, पिस्तूल रिकामं आहे ना ते स्वतः पाहिलं, मलाही पाहायला लावलं. मग पोराला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून ड्राय फायर कर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढ. पोरगा करत होता आणि काका पिस्तुलाकडे नाही, त्याच्या बोटाकडे बघत होते. पेरावर ट्रिगर कुठे येतो, ओढीचा पहिला हलका टप्पा संपल्यावर बोट थांबतं का, शॉटनंतर ट्रिगर धरून ठेवतो का. त्यानंतर वजन काढलं. एकदा उचललं, पेललं. पुन्हा पेललं. त्याच्या पुढच्या वेळी खट्‌कन सुटलं. काका काही बोलले नाहीत, वहीत आकडे लिहून घेतले आणि विचारलं, “शेवटचा हात कुणी लावला होता?”

मग पिस्तूल उघडलं. वाळून चिकट झालेलं ग्रीस काढलं, सीअर भिंगाखाली धरला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. कड एका अंगाला गोल झाली होती, घासल्याच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मला वाटलं, आता हे ती सरळ करतील. ते म्हणाले, “ह्याला मी दगड लावणार नाही. नवीन भाग मागवा.” भाग परदेशातून यायचा, पोराची स्पर्धा तोंडावर. त्याच्या वडिलांनी खूप गळ घातली, तात्पुरतं तरी करून द्या म्हणाले. काका बधले नाहीत. स्पर्धा हुकली. मुलगा रडला, मलाही वाईट वाटलं. तरी सांगतो, त्याच दिवशी माझा त्या माणसावर विश्वास बसला. नवीन सीअर बसवल्यावर त्यांनी जुना तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून परत दिला, ट्रिगर ५०० च्या थोडा वर ठेवला, आणि पुन्हा पुन्हा वजन लावून आमच्यासमोर दाखवला तेव्हाच पैसे घेतले.

माणूस पारखताना एवढंच बघ: उघडायच्या आधी तो किती विचारतो आणि मोजतो, आणि नाही म्हणायची वेळ आली तर नाही म्हणतो का. बाकी दुकान केवढं आहे, भिंतीवर कुणाकुणाचे फोटो आहेत, याला माझ्या लेखी किंमत नाही.

कदाचित सानिकाच्या पिस्तुलाला एवढं काही झालंही नसेल. ट्रिगरचा पत्रा धरणारा स्क्रू ढिला झाला, किंवा कुणी आत तेल ओतलं आणि त्यावर धूळ बसली, तरी अशीच लक्षणं दिसतात. त्यात तुमच्याकडचा पाऊस. तोवर घरी कुणालाही आतले स्क्रू फिरवू देऊ नकोस, तिच्या कोचनाही प्रेमाने सांग.

पुढे .२२, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल, घ्यायचा विचार आहे म्हणतोस, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. तिच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ ची गोष्ट वेगळी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्र दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. ओळखीचा आहे, हात चांगला आहे, म्हणून कुणाच्या घरी नेऊन द्यायचं नाही. काकासुद्धा .२२ घरी घेत नाहीत, परवानाधारक डीलरकडे पाठवतात. पावती घ्यायची आणि जपून ठेवायची.

पत्रात एक ओळ होती, ‘तिला वाटतं तिचंच चुकतंय.’ ती वाचून जीव तुटला रे. तिला सांग, टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, त्यात वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी आली. त्याच मनूने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेतली. आणि राही सरनोबत तर तुमच्याच कोल्हापूरची, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटरचं सुवर्ण आणलं तिने. दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जाणाऱ्या पोरीने मान खाली घालायचं कारण नाही. पिस्तूल तपासून होईपर्यंत तिच्या स्कोअरवर घरात चर्चा बंद ठेवा.

पुढच्या शनिवारी निघा. स्वारगेटला मी घ्यायला येतो. हवेचं सिलिंडर पिस्तुलापासून काढून वेगळं ठेव. पुस्तिका, अॅलन की आणि याआधी कुणी काय बदललं ते कागदावर लिहून आण. सानिकाला आणायचंच, तिचं बोट पाहिल्याशिवाय काका पिस्तूल उघडणार नाहीत. आणि स्पर्धा जवळ असेल तर हे काम नंतर करू, कारण नव्या ट्रिगरवर हात बसायला तिला निवांत सराव मिळायला हवा. शनिवारचं नक्की झालं की कळव, म्हणजे काकांची वेळ घेऊन ठेवतो.

वहिनींना नमस्कार, सानिकाला आशीर्वाद.

तुझा,
अरविंद