दोन विमाने, पण तिकीट एक की दोन?

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत विमानप्रवासावर भरपूर मजकूर येतो. त्यात नॉनस्टॉप, डायरेक्ट, लेओव्हर, स्टॉपओव्हर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. घोळ नुसता भाषेचा असता तर पत्र लिहिले नसते. त्याचा भुर्दंड प्रवाशाला पडतो.

नॉनस्टॉप विमान मध्ये कुठेही उतरत नाही. डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर तेवढा शेवटपर्यंत एकच असतो. विमान वाटेत उतरू शकते, आणि कधी कधी नंबर तोच ठेवून विमानच बदलले जाते. दोन्हींना ‘थेट’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. ‘विनाथांबा’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. आंतरराष्ट्रीय तिकिटात मधला थांबा 24 तासांच्या आतला असेल तर तो लेओव्हर, त्याहून मोठा असेल तर स्टॉपओव्हर. या रेघेवर भाडे अवलंबून असते. स्टॉपओव्हर घेता येतो का, किती वेळा आणि जादा पैसे किती, हे तिकिटाच्या फेअर रूलमध्ये, म्हणजे भाड्याच्या नियमांत, दिलेले असते, जे सहसा कोणी उघडून पाहत नाही.

प्रवाशाने सर्वांत आधी पाहायचे ते मात्र वेगळेच: दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर, एकाच तिकिटात आहेत का? असतील, तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकल्यास त्यानंतरच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची. स्वस्तात पडते म्हणून दोन सुटी तिकिटे जोडलीत, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘नो-शो’, म्हणजे न आलेला प्रवासी. पहिले विमान का उशिरा आले याच्याशी तिला देणेघेणे नसते आणि नवे तिकीट त्या दिवसाच्या भावाने काढावे लागते. तिकिटे विकणारी काही संकेतस्थळे अशी जोडणी स्वतःच करून देतात. तिथे बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेले असते. ते शब्द दिसले की दोन तिकिटे समजावीत.

एका तिकिटातल्या दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा, हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेले असते. त्याला मिनिमम कनेक्टिंग टाइम म्हणतात. टर्मिनल बदलते का, देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जायचे आहे का, यानुसार तो आकडा बदलतो. मात्र विमान वेळेवर आले असे धरूनच तो काढलेला असतो. समजा पहिले विमान 10 वाजता पोहोचते आणि पुढचे 11:30 ला सुटते. कागदावर दीड तास. पण विमान सुटण्याच्या साधारण 20 मिनिटे आधी गेट बंद होते, म्हणजे 11:10 ला. मागच्या रांगेतून बाहेर पडायला 15-20 मिनिटे सहज जातात. उरली 50. पुन्हा सुरक्षा तपासणी आणि टर्मिनलची बस यांत तीस गेली, तर हातात वीस. विमान अर्धा तास उशिरा आले की संपले. आंतरराष्ट्रीय प्रवासात किमान अडीच-तीन तास ठेवावेत असे आमचे मत आहे. दिवसातले शेवटचे विमान असेल तर त्याहून जास्त, कारण ते चुकले की रात्र विमानतळावर काढावी लागते. गाव एक पण विमानतळ दोन, हेही तपासावे: हीथ्रोला उतरून गॅटविकहून किंवा नरिताला उतरून हानेदाहून पुढचे विमान असेल, तर मधला रस्ता आपला आपण कापायचा.

सामानाचे उत्तर टॅगवर असते. काउंटरवर बॅग पट्ट्यावर जाण्याआधी टॅगवरची मोठी तीन अक्षरे वाचावीत. ती शेवटच्या विमानतळाची असतील तर बॅग पुढे जाईल. मधल्याची असतील तर ती तिथे उतरवून घ्यावी लागेल. अमेरिकेत मात्र टॅग काहीही असो, देशात शिरताना पहिल्याच विमानतळावर सहसा बॅग घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा पट्ट्यावर द्यावी लागते. बॅगवरचे मागच्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे चिकटलेले तुकडे काढून टाकावेत. यंत्र जुना कोड वाचते आणि बॅग भलतीकडे जाते.

व्हिसाचा फटका तर घरून निघतानाच बसू शकतो. सुटी तिकिटे असली की पहिल्या कंपनीच्या काउंटरला फक्त मधला देश दिसतो. तोच तुमचा मुक्काम, म्हणून तिथला व्हिसा मागितला जातो. शिवाय सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावेच लागते. एकाच तिकिटावर जाणाऱ्यानेही आपल्या पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहावे. अमेरिकेत बाहेर न पडता नुसते विमान बदलण्याची सोय नाही. तिथे व्हिसा किंवा तत्सम परवानगी लागतेच.

आणखी एक शहाणपणा अंगाशी येतो. मधल्याच गावी काम आहे म्हणून पुढचा टप्पा सोडून दिला, तर त्या तिकिटातले उरलेले सगळे टप्पे कंपनी रद्द करू शकते, परतीचे विमानसुद्धा. बॅग तर पुढे गेलेलीच असते.

मधल्या विमानतळावर ड्यूटी-फ्रीची बाटली घेतलीत तर ती पावतीसकट सीलबंद पारदर्शक पिशवीतच ठेवावी आणि पुढची तपासणी होईपर्यंत पिशवी फोडू नये. फोडलीत तर हातातल्या सामानातल्या द्रवांचा 100 मिलीचा नियम जिथे आहे तिथे बाटली सोडून द्यावी लागते. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी पीआयआर हा तक्रारीचा कागद करून घ्यावा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार मोडलेल्या सामानाची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानाची ते हाती आल्यापासून 21 दिवसांत करावी लागते. काउंटरवर मिळालेली टॅगची दहा आकडी चिठ्ठी तोवर जपून ठेवावी.

आपले,
विमान तिकीट व्यवसायातील काही वाचक